अंतर, तारखा आणि मुलाचे वय

आईवडील वेगळे झाले, पण दोघेही एकाच शहरात राहिले, तर कुटुंब न्यायालयाकडे एक रुळलेला मार्ग असतो. मूल एकाकडे राहते. दुसऱ्याला महिन्यातले दोन शनिवार-रविवार, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीचा अर्धा वाटा, वाढदिवसाचे काही तास मिळतात. दावा चालू असला तरी वडील शाळेच्या स्नेहसंमेलनाला जाऊन बसू शकतात, आई तापाच्या रात्री रिक्षा करून पोहोचू शकते. एक जण नागपूरला आणि दुसरा बंगळुरूला असला की या मार्गाचा मोठा भाग बंद होतो. एक जण पुण्यात आणि दुसरा न्यू जर्सीत असला की तो जवळजवळ संपतोच. मग वेगळेच प्रश्न उभे राहतात. अर्ज कोणत्या गावच्या न्यायालयात करायचा? दर तारखेला प्रवास कोणी करायचा? भेटीसाठी मुलाने जायचे की पालकाने यायचे, आणि तिकीट कोणी काढायचे? सुटीत गेलेले मूल परत पाठवलेच नाही तर काय? दुसऱ्या देशातल्या न्यायालयाने आधीच काही ठरवले असेल, तर इथे त्याचे वजन किती?

या संग्रहातले लेख या प्रश्नांभोवती लिहिलेले आहेत. ते वाचताना एक गोष्ट पक्की होत जाते आणि ती आरंभीच सांगायला हवी. दूरच्या पालकांच्या वादात निकाल न्यायाधीश देतात हे खरे. पण निम्मा निकाल दोन तारखांच्या मधल्या काळात लागलेला असतो. तीन वर्षांचे मूल आईबरोबर किंवा वडिलांबरोबर नव्या गावी येते. अर्ज कोणत्या न्यायालयात चालावा यावर वर्ष-दीड वर्ष जाते. नोटीस बजावण्यात, मुदती मागण्यात, वर अपील करण्यात आणखी तेवढेच जाते. तोवर मूल सहा वर्षांचे झालेले असते. त्याची शाळा, त्याची भाषा, त्याचे सवंगडी सगळे नव्या गावचे झालेले असतात. मग ‘मूल आता इथे रुळले आहे’ हे कारण निकालपत्रात येते. ते कारण खोटे नसते आणि न्यायाधीशांना ते डावलताही येत नाही. पण ती परिस्थिती विलंबाने घडवलेली असते आणि तिचा लाभ ज्याच्याकडे मूल आहे त्याला मिळतो. म्हणून अशा खटल्यात अंतिम ताबा कोणाला, याच्या कितीतरी आधी एक काम व्हायला हवे: दूरच्या पालकाशी मुलाचा संबंध पहिल्याच महिन्यात, तपशीलवार आदेशाने, बांधून घेणे.

हे क्षेत्र नव्याने पाहणाऱ्या वाचकाला त्याची जडणघडण थोडक्यात माहीत असावी. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात मुलांवर हक्क बापाचा. कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेला आपल्या मुलांना भेटताही येईना, तेव्हा तिने लढा उभारला. त्यातून १८३९ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी आईला न्यायालयात जाण्याची वाट प्रथम खुली झाली. १९२५ च्या इंग्लिश कायद्याने मुलाचे हित सर्वांत वरचे ठरवले. भारतात १८९० चा पालक व पाल्य अधिनियम याच दोन टप्प्यांच्या मधला. त्यात मुलाच्या कल्याणाचा विचार होता, पण बाप हयात आणि लायक असताना दुसऱ्याला पालक नेमण्यास मनाई होती. त्या तरतुदीत बापाच्या बरोबरीने आईचा उल्लेख यायला २०१० उजाडले. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहावे असे म्हटले आणि कलम १३ ने मुलाचे कल्याण हाच निर्णायक निकष ठरवला. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुले ही आईवडिलांची मालमत्ता नाहीत आणि त्यांची खेळणीही नाहीत. १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या याचिकेवर न्यायालयाने आईला बापाच्या हयातीतही नैसर्गिक पालक म्हणून उभे राहण्याची जागा दिली.

हा सारा प्रवास ‘आई की वडील’ या प्रश्नाचा आहे. ‘इथे की तिथे’ या प्रश्नाला या कायद्यांनी फारच थोडी जागा दिली. १८९० च्या अधिनियमाचे कलम ९ सांगते की अज्ञान मूल जिथे सामान्यतः राहते, तिथल्या न्यायालयात अर्ज करावा. वाक्य सोपे आहे. पण मूल चार महिन्यांपूर्वी ठाण्याहून इंदूरला नेले गेले असेल, तर ते सामान्यतः कुठे राहते? नेण्यामागचा हेतू, मुक्कामाचा काळ, शाळेचा दाखला यांवर पुरावा होतो आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. त्यात घटस्फोटाचा अर्ज हिंदू विवाह अधिनियमाखाली वेगळ्या गावी चालू असू शकतो. त्या न्यायालयालाही कलम २६ खाली मुलांविषयी आदेश देता येतात. एकाच मुलाबद्दल दोन शहरांत दोन कामे चालतात आणि दोन्हीकडे परस्परांना धक्का देणारे अंतरिम आदेश होतात, असे प्रसंग वकिलांना नवे नाहीत. या कलम २६ मधला एक तपशील बोलका आहे. दावा चालू असताना मुलाच्या पोटगीचा आणि शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे २००१ च्या दुरुस्तीने सांगितले. मुलाच्या ताब्याच्या आणि भेटीच्या अर्जाला तशी मुदत नाही. पैशाच्या निकडीला कायद्याने दिवस मोजून दिले, सहवासाच्या निकडीला दिले नाहीत.

दोन राज्यांतली कामे एका ठिकाणी आणायची तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयात ट्रान्सफर पिटिशन करावी लागते. लहान मूल सांभाळणाऱ्या, कमाई नसलेल्या स्त्रीने दर तारखेला हजार किलोमीटर जावे हे अन्यायाचे, म्हणून अशा अर्जांत बहुधा पत्नीची सोय पाहिली जाते. ते योग्यच आहे. पण गाव बदलल्याने अंतर संपत नाही, ते दुसऱ्याच्या वाट्याला जाते. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने यातून वाट काढावी असे २०१७ च्या मार्चमध्ये न्यायालयाने सुचवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ती वाट अरुंद केली. समेटाची बोलणी समोरासमोर आणि बंद खोलीतच व्हावीत. ती फसल्यावर, दोघांच्या संमतीने, पडद्यावरून काम चालावे, असे बहुमताचे म्हणणे होते. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्न मत नोंदवले. पुढे करोनाच्या साथीने न्यायालयांनाच पडद्यावर यायला लावले आणि प्रत्यक्ष सुनावण्या थांबलेल्या असताना कुटुंब न्यायालयांची कामेही व्हिडिओवर चालवण्यास २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळीक दिली. त्या अनुभवातून काय टिकवायचे आणि काय समोरासमोरच करायचे, हा आजचा खुला प्रश्न आहे. माझ्या मते तारखा, मुदती, कागदपत्रे आणि अंतरिम भेटीचे अर्ज पडद्यावर व्हावेत; मुलाशी न्यायाधीशांचे बोलणे मात्र समोर बसूनच व्हावे. बाजूच्या खोलीत कोण उभे आहे हे कॅमेऱ्यात दिसत नाही.

देशाची सीमा ओलांडली की वादाचे स्वरूपच बदलते, आणि या विषयातल्या दोन मोठ्या विचारधारा इथेच समोरासमोर येतात. पहिली म्हणते: मूल जिथे वाढत होते तिथल्या न्यायालयाने निर्णय द्यावा, दुसऱ्या देशाने मूल तातडीने परत पाठवावे, ताब्याच्या गुणदोषांत शिरू नये. २५ ऑक्टोबर १९८० चा हेग करार याच विचारावर उभा आहे. शंभराहून अधिक देश त्यात आहेत. श्रीलंका, जपान आणि पाकिस्तानही आहेत. भारत नाही. या कराराचा कणा वेळेचा आहे. सहा आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो, आणि मूल नेल्यापासून वर्षाच्या आत अर्ज आला तर परत पाठवणे हा नियम. वर्ष उलटून मूल रुळले असेल, किंवा परत पाठवल्याने त्याला गंभीर धोका असेल, तर अपवाद. अमेरिकेतल्या राज्यांनीही आपसातल्या वादांसाठी असाच मापदंड धरला आहे: मूल सलग सहा महिने जिथे राहिले ते त्याचे घरचे राज्य, आणि ताब्याचा पहिला अधिकार त्या राज्याच्या न्यायालयाचा. दुसरी विचारधारा म्हणते: परकीय आदेश हा अनेक मुद्द्यांपैकी एक, मूल ज्या न्यायालयापुढे आहे, त्याने त्याचे हित स्वतः तपासलेच पाहिजे.

आपले सर्वोच्च न्यायालय चाळीस वर्षे या दोन टोकांमध्ये ये-जा करत आले आहे. १९८४ मध्ये इंग्लंडहून वडिलांनी आणलेला मुलगा त्याने आईला परत दिला. १९८६ मध्ये पुण्याशी जोडलेले प्रकरण आले. अमेरिकेतल्या मिशिगनच्या न्यायालयाने ताबा आईला आणि सुटीच्या दिवसांची भेट वडिलांना दिली होती. वडील त्या भेटीतूनच मुलाला घेऊन भारतात आले. न्यायालयाने मूल आईकडे परत पाठवले. १९९७ मध्ये मुंबई-पुण्याशीच संबंधित दुसऱ्या वादात मात्र निकाल उलट लागला. मूल तान्हे असताना आई अमेरिकेतून परतली होती, निकालाच्या वेळी ते चौदा वर्षांचे झाले होते. अमेरिकेचा आदेश बांधील नाही, हित स्वतंत्रपणे पाहायचे, असे न्यायालयाने ठरवले. हे दोन निकाल शेजारी ठेवले की काळाने केलेली करामत स्पष्ट दिसते. एकात मूल काही महिन्यांपूर्वी आले होते, दुसऱ्यात त्याचे अख्खे बालपण इथे गेले होते.

पुढे २००९ आणि २०१५ च्या निकालांनी परकीय न्यायालयाच्या आदेशाला पुन्हा वजन दिले. २०१७ च्या जुलैमध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते कमी करून मुलाच्या कल्याणालाच अग्रस्थान असल्याचे बजावले. ज्याने आधी आदेश मिळवला त्याची सरशी, हे तत्त्व त्याने मान्य केले नाही. २०२० आणि २०२२ मध्ये अनेक मुले अमेरिकेला परत गेली, पण तीही कल्याणाच्या निकषावरच. २०२२ च्या एका निकालातला भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे: मुलाला काय हवे आहे आणि मुलाच्या हिताचे काय आहे, या दोन गोष्टी नेहमी एक नसतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने हेही मान्य केले की मुलाबरोबर परदेशी जाऊन राहा, अशी सक्ती आईवर करता येत नाही. मूल पाठवता येते. आईचे आयुष्य मुलाच्या सामानाबरोबर पाठवता येत नाही.

भारताने हेग करारात जावे की नाही, यावर प्रामाणिक मतभेद आहेत. विधी आयोगाने २००९ च्या २१८ व्या अहवालात सामील होण्याची शिफारस केली, २०१६ च्या २६३ व्या अहवालात विधेयकाचा मसुदा दिला. न्या. राजेश बिंदल समितीने २०१८ मध्ये अशा वादांसाठी स्वतंत्र प्राधिकरण सुचवले. त्यांपैकी कशाचाही कायदा झाला नाही. विरोधकांचा मुद्दा हलका नाही. करार लिहिला गेला तेव्हा डोळ्यांसमोर मूल पळवणारा बाप होता. प्रत्यक्षात मूल घेऊन निघणाऱ्यांत बहुसंख्य आया असतात, आणि त्यांतल्या कितीतरी छळाला कंटाळून माहेरी आलेल्या असतात. नवऱ्याच्या नोकरीवर टांगलेला व्हिसा, कामाची परवानगी नाही, परक्या गावात ओळखीचे कोणी नाही, अशा अवस्थेतून ती मुलाला घेऊन सांगलीला किंवा अकोल्याला आली, तर तिला पळवणारी म्हणायचे का? समर्थकांचा मुद्दाही तितकाच खरा आहे. तिकडे राहिलेल्या पालकाला दाद मागायला ठरलेली वाट नसल्याने तो हेबियस कॉर्पसची याचिका घेऊन उच्च न्यायालयात येतो, आणि बेकायदा कैदेसाठी असलेल्या साधनाने मुलाच्या भवितव्याचा निर्णय घ्यावा लागतो. अमेरिकेच्या २०१४ च्या कायद्याखालील वार्षिक अहवालांत भारताची नोंद असहकार करणाऱ्या देशांत होत आली आहे. याचा फटका इथून तिकडे मूल नेले गेलेल्या भारतीय पालकांनाही बसतो, कारण त्यांच्याही हाती कराराचे साधन नाही. या संग्रहात दोन्ही बाजूंचे लेख आहेत आणि संपादकांनी त्यांना एका सुरात बसवण्याचा प्रयत्न केलेला नाही, हे चांगले झाले.

तिसरा प्रवाह स्थलांतराच्या परवानगीचा आहे आणि तो सर्वांत वेगाने वाढतो आहे. इथे कोणी मूल पळवलेले नसते. ताबा असलेल्या पालकाला बदली, नवी नोकरी किंवा दुसरे लग्न यामुळे दूर जायचे असते आणि तो रीतसर परवानगी मागतो. इंग्लंडमध्ये २००१ च्या एका निकालाने ताबा असलेल्या पालकाच्या वाजवी योजनेला बरेच झुकते माप दिले, पुढे त्यावर टीका झाली. न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने १९९६ मध्ये कोणताही ठरीव कल न मानता प्रत्येक मुलाची परिस्थिती पाहायचे ठरवले. २०१० च्या वॉशिंग्टन जाहीरनाम्यात अनेक देशांच्या न्यायाधीशांनी एकत्र बसून विचारात घ्यायच्या मुद्द्यांची यादी केली. त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला निघालेल्या आईला मुलासह जाऊ दिले आणि २०२० मध्ये सिंगापूरला निघालेल्या आईला. दोन्ही वेळा वडिलांच्या भेटीची सोय ठेवून. ताब्याचा कोणताही आदेश कायमचा नसतो, परिस्थितीप्रमाणे तो बदलता येतो, हे २०१० च्या निकालातले सूत्र दूरच्या पालकांनी मनाशी धरून ठेवावे असे आहे.

आता या साऱ्याच्या मध्यभागी असलेला मुद्दा: संपर्क. बालहक्कांच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्र कराराचा अनुच्छेद १० सांगतो की आईवडील वेगवेगळ्या देशांत राहत असले तरी दोघांशी नियमित आणि थेट नाते राखणे हा मुलाचा हक्क आहे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने भेटीच्या हक्काबरोबरच संपर्काच्या हक्काची स्पष्ट मांडणी केली आणि विशेष अडचण नसेल तर ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच ते दहा मिनिटे बोलता यावे, असे सांगितले. दूरच्या पालकांसाठी मला हा अलीकडच्या काळातला सर्वांत मोलाचा निकाल वाटतो.

पण आदेशात ‘रिझनेबल ॲक्सेस’ एवढेच लिहून काम भागत नाही. पुण्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ असतात. घड्याळ वर्षातून दोनदा सरकते. कॉल कोणी लावायचा, कोणत्या ॲपवर, मूल झोपले तर बदली वेळ कोणती, बोलताना दुसऱ्या पालकाने खोलीत थांबायचे की नाही, शाळेचे प्रगतिपुस्तक दोघांना कसे मिळेल, सुटीतल्या प्रवासाची तिकिटे किती दिवस आधी काढायची, मुलाबरोबर कोण जाणार, पासपोर्ट कोणाकडे राहणार, मूल वेळेवर परतले नाही तर हमी कसली, हे सारे लिहावे लागते. लिहिलेले नसले की प्रत्येक रविवार नवा वाद होतो. परदेशी जाणाऱ्या मुलासाठी तिकडच्या न्यायालयाकडून इथल्या आदेशाचीच प्रत असलेली मिरर ऑर्डर घेण्याची पद्धत आता रूढ होते आहे. तिचे बळ आणि मर्यादा एकाच प्रकरणात दिसल्या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केनियातल्या वडिलांना मुलाचा ताबा दिला, तो अशा आदेशाच्या अटीवर. पुढे अटी पाळल्या गेल्या नाहीत, आईचा संपर्क तुटला, आणि वर्षभराने न्यायालयाला आपलाच निकाल मागे घ्यावा लागला. तोवर मूल देशाबाहेर गेले होते.

हा विषय आज महत्त्वाचा का, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. हिंजवडी आणि खराडीतून बंगळुरू, हैदराबाद, तिथून टेक्सास किंवा मेलबर्न असा प्रवास आता मध्यमवर्गीय घरांत सर्रास होतो. लग्न मोडले की दोघांच्या नोकऱ्या दोन दिशांना जातात. आजी-आजोबा तिसऱ्याच गावी असतात, आणि पुष्कळदा मूल प्रत्यक्षात त्यांच्याच अंगणात वाढते. अशा कुटुंबांना इंग्रजी निकालपत्रांच्या ढिगाऱ्यातून वाट काढावी लागते. मराठीत सलग, विश्वासाने हाती धरावे असे फारसे काही नाही. हा संग्रह ती उणीव भरून काढायला निघाला आहे. तो वकिलाची जागा घेत नाही आणि दाव्यांचे तयार नमुनेही देत नाही. वकील, विवाह समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ आणि स्वतः दूर राहून मुले वाढवलेले पालक यांना एका टेबलाशी बसवून, कायद्याची चौकट आणि मुलाचे रोजचे जगणे यांची सांगड घालणे हा त्याचा हेतू आहे. यात ताब्याच्या खटल्यांची ओळख साल आणि ठिकाणावरून दिली आहे, पक्षकारांच्या नावावरून नाही. त्या खटल्यांतली काही मुले आता मोठी झाली आहेत, काही होत आहेत, आणि आपले बालपण नावानिशी कोणी पुस्तकात वाचावे की नाही, हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे.

एक इशारा संग्रहभर आहे आणि तो मलाही इथे द्यावासा वाटतो. संपर्काचा आग्रह म्हणजे धोक्याकडे काणाडोळा नव्हे. जिथे मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा मूल लपवण्याची खरी भीती आहे, तिथे देखरेखीखालची भेट किंवा प्रसंगी भेटीला नकार हेच मुलाचे हित असते. मात्र आरोप झाला म्हणून वर्षानुवर्षे सगळाच संबंध थांबवून ठेवायचा आणि आरोप तपासायचाच नाही, यात मुलाचे दोन्हीकडून नुकसान होते. आरोप खरा असेल तर त्याला संरक्षण उशिरा मिळते. खोटा असेल तर एक पालक कायमचा हरवतो. दोन्ही परिस्थितींत औषध एकच आहे: लवकर चौकशी.

म्हणून हे पुस्तक हाती घेणाऱ्या पालकाला एकच सांगणे आहे. पहिल्या तारखेला ताब्यावर युक्तिवाद करण्याआधी संपर्काचा लेखी आराखडा न्यायालयापुढे ठेवा. आपल्या भेटीचा आणि समोरच्याच्याही. मूल तुमच्याकडे असेल तर दुसऱ्याचा कॉल चुकू देऊ नका, नसेल तर तुमचा स्वतःचा चुकवू नका. वकिलांनी अधिकारक्षेत्राचा वाद जरूर लढवावा, पण तो चालू असताना मुलाचा फोन बंद राहणार नाही एवढा अंतरिम आदेश आधी मागावा. आणि न्यायाधीशांनी, संसदेने तशी मुदत घालून देईपर्यंत, भेटीच्या अर्जालाही पोटगीच्या अर्जाइतकेच ६० दिवस लावून घ्यावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आजच्या कायद्यातले अंतरिम आदेशाचे अधिकार त्याला पुरेसे आहेत.